चांभाराची चौकशी, साहेबाची पाहणी

दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणाऱ्या माणसाला नावे ठेवताना मराठीने कधी हात आखडता घेतलेला नाही. भोचक, चोंबडा, लुडबुड्या, आगाऊ, फुकट फौजदार, गावभवानी. आणि तो जे करतो त्याला नसती उठाठेव, नसती पंचाईत, लष्कराच्या भाकरी भाजणे. यांतील बहुतेक शब्दांना जात नाही. भोचक बाई वाड्यातही असते आणि वस्तीतही. चोंबडा कोणत्याही घरात निपजतो. परंतु या गर्दीत दोन शब्द असे आहेत की त्यांच्या आत एक विशिष्ट माणूस उभा केलेला आहे. एक 'कळीचा नारद' आणि दुसरा 'चांभारचौकशी'.

या दोघांची बरोबरी करून पाहावी. नारद तिन्ही लोकी फिरतो, प्रत्येकाच्या घरातले काढून घेतो, इकडचे तिकडे सांगतो आणि भांडण लावून देतो. तरीही तो मुनी. हातात वीणा, मुखी नाम. कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी, आणि तिच्यापुढे वाकावे लागते. अलीकडे तर त्याला आद्य पत्रकार ठरवून त्याच्या जयंतीला पत्रकारांचे सत्कारही होतात. म्हणजे नारदाच्या चोंबडेपणाला भक्तीचे आणि आता व्यवसायाचेही तेज चढले. चांभाराच्या वाट्याला काय आले? निरर्थक, क्षुद्र, विचारणाऱ्याला न शोभणारी विचारणा म्हणजे चांभारचौकशी. मोल्सवर्थसाहेबाच्या १८५७ च्या कोशात हा शब्द नोंदलेला आहे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'तही तो आहे. मोल्सवर्थने आपला कोश शास्त्रीमंडळींच्या मदतीने रचला. शब्द कोणाच्या तोंडून उचलले गेले आणि कोणत्या नजरेने अर्थ लिहिले गेले, हे वेगळे सांगायला नको.

मी मूळचा निमगाव केतकीचा. इंदापूर तालुक्यातले, बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव. ज्या जातीचे नाव या शब्दाला शिवून टाकले आहे त्या जातीत माझा जन्म झाला. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि आज एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. अध्यापकांच्या खोलीत हा शब्द आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतो. वेळापत्रकावर कोणी जरा खोदून विचारले की "सोडा हो, कशाला चांभारचौकशा!" बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी जात नसते. तसे तो शपथेवर सांगेल आणि ते खरेही असेल. पण मनात नसलेली जात जिभेवर येते कुठून, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तो विचारणे माझे कामच आहे.

या शब्दाची व्युत्पत्ती म्हणून लोक एकच गोष्ट सांगतात. चांभार येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता पायाकडे पाहतो आणि पायताणावरून माणसाची लायकी काढतो. जोडा शिवता शिवता नाही ते विचारतो. गोष्ट सांगणाऱ्याला ती फार मार्मिक वाटते. पण चांभाराने विचारायचे नाही तर कोणी विचारायचे? पायताण मागायला आलेला शेतकरी काळ्या रानात राबतो की मुरमाड माळावर, हे कळल्याशिवाय तळ किती पदरी घालायचा ते ठरत नाही. टाच झिजते की चवडा झिजतो, पाय ओढून चालतो का, ओझे कोणत्या खांद्यावर घेतो, रोज किती वाट तुडवतो. हे विचारणारा माणूस आपल्या धंद्याचा शास्त्रज्ञ असतो. वैद्य नाडी पाहून दहा प्रश्न विचारतो तेव्हा त्याला निदान म्हणतात. हातात रापी आणि आरी असलेल्या माणसाचे निदान मात्र भोचकपणा ठरते.

आता माझ्या गावाचीच गोष्ट सांगतो. निमगाव केतकी पानमळ्यांसाठी ओळखले जाते. पानवेल हे लाडके पीक आहे. शेवगा, शेवरी, पांगारा, हादगा अशा झाडांच्या आधाराने ते चढते, त्याला सावली लागते आणि पाणी हटकून लागते. पाण्याची पाळी चुकली की वेल मान टाकते. आज विहिरीवर विजेची मोटार आहे. त्याआधी इंजिन होते, आणि इंजिनाच्याही आधी मोट होती. मोट म्हणजे चामडे. कातडे कमावणार ढोर, मोट शिवणार चांभार, नाडा आणि सोंदूर वळणार मांग. मळ्यातले हिरवे पान बाजारात जाऊन कोणाच्या तरी लग्नाच्या तबकात मांडले जाई, देवापुढे विडा म्हणून ठेवले जाई. त्या पानाला पाणी पाजले होते ते मेलेल्या जनावराच्या कातड्याने. त्या पाण्याचा विटाळ कोणाला झाल्याचे माझ्या आजोबांनी कधी ऐकले नव्हते. चांभाराने विहिरीत पोहरा टाकला असता तर झाला असता.

आजोबांनी तरुणपणी मोटा शिवल्या होत्या. मोट सांगायला मळेवाला आला की त्यांचे विचारणे सुरू होई, असे ते सांगत. विहीर किती परस? उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं? बैल दोन का चार? बैल तरणे का उतरलेले? धाव कितीची? मळा किती गुंठे, आन् औंदा आणखी वाढवायचाय का? मोट मोठी झाली तर बैल छाती फोडतील, लहान झाली तर वेल जळतील. यातला एकही प्रश्न फालतू नाही. पण मळेवाल्याच्या दृष्टीने पाहा. गावकुसालगत राहणारा, उंबऱ्याबाहेर उभा राहणारा माणूस त्याच्या विहिरीची खोली, बैलांची ताकद आणि पुढच्या सालाचा बेत असे सगळे काढून घेतो आहे. त्यावर हा बलुतेदार. खळ्यावर येऊन "औंदा किती झालं?" हेही तोच विचारणार, कारण त्याच्या बलुत्याची पेंढी त्या उत्तरावर ठरणार. मला वाटते, शब्दाचे खरे मूळ पायताणापेक्षा या खळ्यावर शोधले पाहिजे. ज्याला धान्य देणे लागते त्याने पिकाचा आकडा विचारला, की देणाऱ्याला ती चौकशी नकोशी होते. नकोशा चौकशीला तुच्छतेचे नाव दिले की उत्तर देण्याची जबाबदारी संपते.

याच तालुक्यात, याच मातीत, याच विहिरींवर दुसराही एक माणूस प्रश्न विचारत आला होता. तो साहेब होता. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये महसूल बसवायला घेतला. प्रिंगलसाहेबाची पाहणी झाली आणि १८३० च्या सुमारास तिचे दर इंदापूर तालुक्याला लागू झाले. दर जबर होते. वरून देशी कामगारांनी मोजणीत लाच खाल्ली, आणि वसुलीसाठी रयतेचे हाल हाल केले गेले. कितीतरी कुणबी घरदार सोडून निजामाच्या मुलखात पळाले. रानेच्या राने पड पडली. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले. सबंध मुंबई इलाख्याची जी रयतवारी मोजणी पुढे झाली तिची पहिली कुदळ इंदापुरात पडली, हे या तालुक्यातल्या पोरांना आपल्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

या साहेबांनी विचारले काय? जमिनीची खोली किती? माती काळी का तांबडी का बरड? चुनखडी आहे का? पाणी साठते का? विहीर आहे का, पाणी बाराही महिने टिकते का? प्रत्येक शेतात खड्डा खणून, माती बोटांनी चुरून, त्यांनी जमिनीची प्रतबंदी केली. त्यानुसार आणेवारी ठरली आणि दर तीस वर्षांसाठी बांधले गेले. प्रिंगलच्या मानाने ते सुसह्य होते, पळालेली माणसे परतली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आपला मुद्दा वेगळा आहे. विहिरीची खोली चांभाराने विचारली आणि विहिरीची खोली साहेबाने विचारली. चांभार मोट देणार होता आणि साहेब सारा घेणार होता. साहेबाच्या विचारण्याला 'पाहणी' म्हटले गेले, तिचे अहवाल छापले गेले, आणि तिच्यावर आजही प्रबंध लिहिले जातात. चांभाराचे विचारणे कोशात गेले ते शिवी होऊन.

गावाच्या कारभारात चौकशी नेहमीच कामाप्रमाणे वाटून दिलेली होती. कोणाकडे काय आहे याची सर्वांत बारीक खबर कुळकर्ण्याच्या दप्तरात असे. कोणाचे किती रान, किती गहाण, कोणाची भाऊबंदकी कुठवर आली. सारे त्याला ठाऊक. त्या दप्तराने किती घरे बुडवली ते जोतीरावांनी लिहून ठेवले आहे. त्याला 'कलमकसाई' हा शब्द बहुजनांनी दिला, म्हणजे भाषेत उलटा मारा मुळीच नाही असे नाही. पण तो शब्द कसायाच्या अंगावर जातो, आणि कसाई कोण, हे आपण जाणतो. शिवी वर फेकली तरी ती खालच्याच्या नावाने घडवायची, ही आपल्या भाषेची रीत आहे.

महाराला तर चौकशी वतनातच लावून दिली होती. वेशीवर येसकर बसायचा. गावात कोण आले, कोण गेले, परका माणूस कोणाकडे उतरला, याची वर्दी पाटलाला द्यायची. सरकारी कामगार आला की पुढे धावायचे. शिवेचा तंटा पडला की हद्द कुठून जाते ते त्याने सांगायचे, आणि त्याचा शब्द प्रमाण मानायचा. एवढी माहिती ज्याच्या डोक्यात, त्याच्या हातात सत्ता किती? काही नाही. त्याने विचारलेला प्रश्न त्याचा नव्हता, पाटलाचा होता. स्वतःच्या वतीने त्याने पहिला प्रश्न विचारला, की या वतनाचा मोबदला काय आणि ते आमच्या गळ्यात कशासाठी, तेव्हा तो आगाऊ ठरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच प्रश्नासाठी. कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले. महारवतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

'पंचाईत' हा शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पंच बसतात ती पंचायत. पण बोलीत 'माझी पंचाईत झाली' म्हणजे मी अडचणीत सापडलो. हा अर्थ पंचांच्या ओट्यावर बसलेल्या माणसाने घडवलेला नाही. तो ओट्याखाली उभा राहिलेल्याचा अनुभव आहे. आपल्या पूर्वजांनी या भाषेत जी थोडी भर घातली आणि जी नकळत टिकली, तिच्यात मी हा अर्थ धरतो. आणि ज्यांना रोज रात्री पाटलापुढे हजेरी द्यावी लागे, त्या जमातींचे काय? गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९११ साली नव्याने होऊन देशभर लागू झाला. तो १९५२ साली उठला. तोवर हजारो माणसांना, आज रात्री तू कुठे निजणार, हे सरकारला सांगावे लागत होते. माणसाच्या खाजगी आयुष्यात याहून खोल नाक कोणी खुपसले असेल? त्याला नाव होते 'बंदोबस्त'.

मग आमच्या माणसांनी विचारायला सुरुवात केली. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता ही मांगाची पोर 'ज्ञानोदया'त निबंध लिहिते आणि आमचा धर्म कोणता, हे थेट विचारते. गोपाळबाबा वलंगकर १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' काढतात ते स्पृश्यांना केलेल्या प्रश्नांच्या रूपाने. शेजारच्याच सुप्याला १२ मे १८७५ रोजी कुणबी उठला तेव्हा त्यालाही सावकाराची खतेच हवी होती. तिथल्या आगीची धग इंदापूरपर्यंत आली. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब होते. १९३० च्या तिच्या अहवालात गावोगाव अस्पृश्यांवर पडणाऱ्या सामाजिक बहिष्काराची दखल घेतली गेली. शतकानुशतके ज्यांची चौकशी झाली त्यांच्या बाजूने गावाची चौकशी झाली, ती अशी. आणि बाबासाहेबांच्या दोन ग्रंथांची नावेच पाहा. शूद्र कोण होते? १९४६. अस्पृश्य कोण होते आणि ते अस्पृश्य का झाले? १९४८. ज्या घरात आम्हाला उंबऱ्याबाहेर उभे केले होते त्याच्या माजघरातल्या पेट्या उघडून पाहणारे हे प्रश्न आहेत.

एक विचारणे मात्र असे आहे की त्याला मराठीत निंदेचा शब्दच नाही. नोकरी लागल्यावर मी तालुक्याच्या एका गावी खोली पाहायला गेलो. घरमालक सभ्य गृहस्थ. सर म्हणून बोलावले, खुर्ची दिली, चहा ठेवायला सांगितला.

"आडनाव काय म्हणालात?"

सांगितले. आमचे आडनाव दोन-तीन जातींत आढळते. त्यांचे समाधान झाले नाही.

"मूळ गाव?"

"निमगाव केतकी."

"हां, पानाचं गाव. आमचे पाहुणे आहेत तिथं. गावात राहायला कुठल्या बाजूला?"

बाजू सांगितली.

"देव कुठला तुमचा? नाही, राग मानू नका सर, विचारलेलं बरं असतं."

चहा आला, तो मी प्यालो. खोली त्यांनी भाच्यासाठी ठेवली होती, हे त्यांना तेवढ्यात आठवले. हे चार प्रश्न विचारून त्यांनी माझ्या सात पिढ्या बाहेर काढल्या. या प्रकाराला मराठीत काय म्हणतात? 'विचारपूस'. फार तर 'ओळखपाळख'. 'माहिती काढणे' म्हणा. चोंबडेपणा कोणी म्हणत नाही, कारण तो हक्क समजला जातो. आषाढीला तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी असते. तेव्हा रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांच्या तुटक्या वहाणा शिवत बसलेला म्हातारा मी लहानपणापासून पाहिला आहे. तोही विचारतो. किती चाललात? टाचंला खिळा बोचतोय का? पंढरपूरपतुर जाणार का वाखरीवरनं फिरणार? पालखीच्या वाटेवर जातीचा प्रश्न न विचारणारा तो एकटाच असावा. त्याला पुढे उरलेली वाट तेवढी हवी असते. आणि तरीही शब्द त्याच्याच नावाचा.

इथे घरचेही थोडे बोलले पाहिजे. हा शब्द उजळ माथ्याने वापरणाऱ्यांत आमचेही लोक आहेत. चळवळीतल्या भाषणांत मी तो ऐकला आहे, आपल्याकडच्या लिखाणातही वाचला आहे. महार-मांग-चांभार यांच्यात गावाने जी उतरंड रचून दिली, तिची मापे अजून आपल्या जिभेत शिल्लक असल्याची ही खूण आहे. आणि माझी आजी, चांभाराच्या घरात जन्मलेली आणि चांभाराच्या घरात नांदलेली, नातवंडांनी फार प्रश्न विचारले की म्हणायची, "गप बसा, चांभारचौकशा नका करू." स्वतःच्या नावाने घडलेली शिवी आपल्याच लेकरांना शिकवणाऱ्या त्या बाईला मी दोष देत नाही. तिच्यापुढे दुसरी भाषा कोणी ठेवली होती?

जातीचे नाव उच्चारणे हाच गुन्हा आहे, असे मी म्हणत नाही. अनुसूचित जातींच्या यादीत ते नाव आहे, आजोबा ते ताठ मानेने सांगत. अपमान करण्याच्या हेतूने चारचौघांत एखाद्याला 'चमार' म्हणणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. २०२० साली महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांभारवाड्याची पाटी त्यामुळे उतरेल. पण 'चांभारचौकशी' कोणत्या पाटीवर लिहिलेली आहे? तिथे अपमान होणारा माणूस समोर नसतो, हेतू नसतो, साक्षीदार हसत असतात. कायद्याचा हात पोचत नाही अशा जागी हा शब्द राहतो. तिथे शिक्षक पोचू शकतो, संपादक पोचू शकतो. कोशकारानेही नव्या आवृत्तीत अर्थापुढे 'जातिनिंदक' एवढी खूण करायला हरकत नाही. कोशातून शब्द काढून टाका, असे माझे म्हणणे नाही. पुरावा नष्ट केल्याने आपलाच तोटा होतो.

गेल्या वर्षी माझा एक विद्यार्थी सुट्टीत आपल्या गावच्या ग्रामसभेला गेला होता. गाव कोणते ते सांगत नाही. पोराला तिथेच राहायचे आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते तीन वर्षांत कुठे खर्च झाले, एवढे त्याने उभे राहून विचारले. पुढच्या बाकावरून आवाज आला, "तुला रे कशाला या चांभारचौकशा?" सभा हसली. हा पोरगा चांभार नाही, तो मातंग समाजाचा आहे. खाली बसला नाही, हे त्याने मला पुन्हा पुन्हा सांगितले. दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्याने अर्ज लिहिला आणि तपासायला माझ्याकडे आणला. विषयाच्या ओळीत त्याने आधी 'चौकशीबाबत' असे लिहिले होते. ते खोडून त्याने 'हिशेब मिळणेबाबत' असे केले होते. मी त्याला पहिला शब्दही ठेवायला सांगितला. अर्ज गेला तो 'चौकशी व हिशेब मिळणेबाबत' म्हणून. पोच पावतीवर तोच विषय लिहून, शिक्का मारून ग्रामसेवकाने सही केली आहे.